कुलपं किती आहेत?

माझ्या वडिलांना कमी ऐकू येतं, हे मी लोकांना नेहमी जरा फुशारकीनंच सांगत आले. पिंपरीच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर त्यांनी तीसेक वर्षं काढली, कानात कापसाचे बोळे घालून, आणि त्या आवाजाच्या जिवावर आम्ही शिकलो, असं सांगितलं की समोरचा हळहळतो आणि मला बरं वाटतं. पण त्याच माणसावर मी एका रविवारी त्यांच्याच घरात इतक्या जोरात ओरडले, की शेजारच्या काकूंनी दार उघडून पाहिलं. हे मात्र मी कुणाला सांगत नाही. ओरडणं एक वेळ सोडून देऊ. ज्या गोष्टीवरून ओरडले ती गोष्ट माझीच होती.

मी चाकणजवळ निघोजेच्या बाजूला एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळते. शॉप फ्लोअरवरचे सगळे कॉम्प्युटर मी लिनक्सवर आणले, याचा मला माज आहे. तो शब्द मीच वापरते, दुसऱ्या कुणी वापरला तर मात्र चालत नाही. लिनक्स फुकट मिळतं, त्याच्या आत काय चाललंय ते उघडून बघता येतं आणि बिघडलं तर कुणाच्या पाया पडावं लागत नाही. ज्याला हे पटत नाही त्याला अक्कल नाही, असं माझं साधं गणित होतं. कंपनीतली मुलं पाठीमागे मला काय म्हणतात ते मला माहीत आहे. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारते, "तुम्ही काय केलंत?" यंत्राला काय झालं हे नंतर.

पप्पा चिंचवडला एकटे राहतात. आई जाऊन चार वर्षं झाली. मी सांगवीला माझ्या संसारात, दर रविवारी त्यांच्याकडे. ते सकाळी विहारात जाऊन येतात, मग मी पोचते, मग आम्ही दोघं मिळून मटण करतो आणि ते माझ्या मिठाला नावं ठेवतात. माझा जुना लॅपटॉप मी त्यांना दिला होता, अर्थातच लिनक्स घालून. इंटरनेटचा डबा त्यांच्या टेबलावरच होता, म्हणून वायर थेट लॅपटॉपला जोडली. पप्पांना ते फार आवडलं. वायर डोळ्यांना दिसते, हवेतल्या इंटरनेटवर त्यांचा विश्वास नाही.

आता मोठ्या बाबांबद्दल सांगायला हवं. मोठे बाबा म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ. मराठवाड्यात आमच्या गावी राहतात, मुलगा जवळ असतो. पप्पा नुकतेच कारखान्यात लागले होते तेव्हा गावाकडे त्यांची आई, म्हणजे माझी आजी, वारली. पप्पांना ते कळलं सातव्या दिवशी, पोस्टकार्डानं. त्यांच्याच सोबत खोलीवर राहणाऱ्या गावातल्या दुसऱ्या माणसाला त्याच्या घरची तार दोन दिवसांत मिळायची, आणि आई गेल्याचं मात्र पोस्टकार्ड. पप्पा गेले, सगळं आटोपलेलं होतं, ते कुणाशी न बोलता परत आले. त्यानंतर भावाशी संबंध राहिले, लग्नाकार्याला जाणं-येणं झालं, पण "मला का नाही कळवलं?" हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मोठ्या बाबांनीही कधी सांगितलं नाही. मी लहान असल्यापासून त्या प्रश्नाबरोबर राहत आले. आई म्हणायची, हा माणूस झोपेतसुद्धा त्याच प्रश्नाच्या कुशीवर वळतो.

गेल्या वर्षी मोठ्या बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळत आणि अगदी हळू झालं. माझ्या चुलतभावानं मला फोन करून सांगितलं, "ताई, आमचे बाबा म्हणलेत, धाकट्यासंग एकदा मोकळं बोलायचंय. आजीच्या येळचं." त्याच सुमारास पप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं आणि डॉक्टरांनी दोन महिने गाडीचा लांबचा प्रवास बंद केला होता. तेव्हा ठरलं, की दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचा. भावाचं तोंड दिसेल आणि त्याच्या मनात असेल तेव्हा तो बोलेल.

अडचण होती ती पप्पांच्या कानांची. त्यांच्या दोन्ही कानांत मशीन आहे. समोर बसून, तोंड दिसेल असं, जरा मोठ्यानं बोललं तर त्यांना समजतं. लॅपटॉपच्या स्पीकरमधून येणारा आवाज मात्र त्यांना नुसता गडबडगुंडा वाटतो आणि मोठ्या बाबांचं ते अडखळतं बोलणं तर चांगल्या कानांनाही अवघड. यावर उपाय म्हणून कानाच्या डॉक्टरांनी एक गळ्यात अडकवायचं छोटं यंत्र दिलं. ते ब्लूटूथनं लॅपटॉपशी जोडलं, की लॅपटॉपमधला आवाज थेट कानातल्या मशीनमध्ये. पप्पांनी ते गळ्यात घालून आरशात बघितलं आणि म्हणाले, "आयुष्यभर ताईत बांधला नाही कुणाचा. म्हातारपणी बांधला शेवटी." तेव्हापासून त्याचं नाव ताईत.

पहिल्या रविवारी मी ताईत जोडायला बसले. पाच मिनिटांचं काम, असं म्हणाले. लॅपटॉपला ताईत दिसेना. ताईत दिसणं राहू दे, लॅपटॉपला स्वतःचं ब्लूटूथच दिसेना. मी टर्मिनल उघडलं, म्हणजे ती काळी खिडकी, जिच्यात आज्ञा टाइप करायच्या असतात आणि जिच्यामुळे आम्ही स्वतःला शहाणे समजतो. कुठल्या बिनतारी गोष्टीवर बंदी आहे हे दाखवणारी एक आज्ञा असते, ती दिली. उत्तरात दोन ओळी आल्या. एक सांगते, सॉफ्टवेअरनं बंदी घातली आहे का. दुसरी सांगते, लॅपटॉपच्या अंगावरच्या खऱ्या बटणानं बंदी घातली आहे का. दोन्हींपुढे 'हो' लिहिलेलं होतं.

मी फक्त दुसरी ओळ धरली. जुन्या लॅपटॉपला उजव्या बाजूला एक सरकतं बटण असायचं, बिनतारी सगळं एका झटक्यात बंद करणारं. ते मागे ओढलेलं होतं.

"हे कुणी बंद केलं?" मी विचारलं. घरात दुसरं कोण होतं?

"मीच करतो रोज," पप्पा म्हणाले. "वायर लावलेली आहे ना. मग ते कशाला चालू? ज्याचं काम नाही ते बंद ठेवावं."

मी बटण पुढे सरकवलं आणि परत जोडायला गेले. उत्तर आलं, बंदी आहे. परत सरकवलं, मागे-पुढे केलं. बंदी आहे. आणि माझं डोकं फिरलं. मला वाटलं, यांनी रोज सरकवून सरकवून बटण मोडलं, आता ते पुढे असलं काय आणि मागे असलं काय, आतून तुटलेलं आहे. ती दोन ओळींची आज्ञा मी पुन्हा देऊन बघितली असती तर दहा सेकंदांत कळलं असतं, की बटणाची ओळ आता 'नाही' म्हणते आहे आणि वरची ओळ अजून 'हो' म्हणते आहे. आमच्याकडे नवीन मुलगा कामाला लागला, की मी त्याला पहिल्याच दिवशी हे शिकवते. बदल केलास की परत बघ, अंदाजानं पुढे जाऊ नकोस. हे सगळं लोकांसाठी होतं.

"मोडलंत तुम्ही!" मी ओरडले. "घासून घासून मोडलंत! तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला? कळत नाही तर हात कशाला लावायचा?"

तेव्हाच शेजारचं दार उघडलं.

पप्पांना एवढा आवाज व्यवस्थित ऐकू आला. त्यांनी लॅपटॉपकडे बघत विचारलं, "काय म्हणतंय ते नेमकं?"

"ब्लॉक्ड म्हणतंय. बंदी आहे. कुलूप आहे."

"कुलपं किती आहेत?"

त्यांनी हे का विचारलं ते मला चांगलं माहीत होतं. प्रेसची डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, दुरुस्त करायची असली, की मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावतात, कारण आत कुणाचा तरी हात असतो. चार माणसं काम करत असतील तर प्रत्येकानं स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. तीन कुलपं निघाली तरी मशीन सुरू होत नाही. कुलूप ज्याचं त्यानंच काढायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही, मग साहेब आला तरी. पप्पांचं पितळी कुलूप मी लहानपणी खेळायला घेतलं म्हणून आयुष्यातली एकमेव थप्पड खाल्ली आहे. मशीन सुरू होत नसेल तर आधी कुलपं मोजायची, ही त्यांची तीस वर्षांची सवय.

मी म्हणाले, "पप्पा, ही तुमची प्रेस नाही. इथं कुलपं नसतात."

आत्ताच मी स्वतःच्या तोंडानं कुलूप म्हणाले होते. पण त्यांनी ते दाखवून दिलं नाही. ते उठून कांदा चिरायला गेले. त्या दिवशी मोठे बाबा इकडचं-तिकडचंच बोलले, पीकपाणी, गुडघा, आणि पप्पांना काही कळलं नाही तिथं मी सांगितलं.

पुढच्या आठवड्यात मी पिंपरीच्या बाजारातून एक छोटं ब्लूटूथ आणलं, बाहेरून खोचायचं, नखाएवढं. लॅपटॉपचं बटण मोडलं असलं तरी याला काय फरक पडतो, असा माझा हिशेब. आणि शनिवारी, अजून ते खोचूनसुद्धा बघितलं नव्हतं, तेव्हा मी चुलतभावाला फोन करून सांगून टाकलं, "या रविवारी पप्पांना अगदी स्पष्ट ऐकू येईल. मोठ्या बाबांना सांग, काय बोलायचं ते बोला म्हणावं, कान एकदम तयार आहेत." या वाक्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. ते मी कुणाच्या सांगण्यावरून बोलले नव्हते.

रविवारी पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून बसले, गळ्यात ताईत. मी नखाएवढं ब्लूटूथ खोचलं. लॅपटॉपला ते दिसलं, नावानिशी दिसलं. आणि जोडायला गेले तर तेच. बंदी आहे. दुकानदारानं खराब माल दिला, असं मी मोठ्यानं म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, मी तोवर दोन अंगणं वाकडी ठरवली होती. तेवढ्यात कॉल आला. अकरा वाजले होते आणि चुलतभाऊ वेळेचा पक्का.

कॉल पुढे ढकलायला हवा होता. पण मी शनिवारी काय सांगून बसले होते ते मला आठवत होतं. मी कॉल घेतला, स्क्रीनच्या अर्ध्या भागात मोठ्या बाबांचा चेहरा ठेवला आणि अर्ध्या भागात काळी खिडकी, आणि लॅपटॉप जरा माझ्याकडे ओढून टाइप करत राहिले. आता जोडेन, मग जोडेन. पप्पा चेहऱ्याकडे बघत होते. ऐकू न येणाऱ्या माणसांची एक रीत असते, लग्नात, मयतीत, दुकानात, सगळीकडे चालते. समोरचा बोलत असला, की हसून मान हलवायची आणि अधूनमधून "हो, हो" म्हणायचं. पप्पा तेच करत होते.

मोठे बाबा त्या दिवशी बराच वेळ बोलले. स्पीकरमधून तुटक-तुटक येत होतं. मला ऐकू येत होतं, पण अर्ध्या कानानं, कारण माझं लक्ष खिडकीत होतं. आजीचं बोलत होते. पप्पा नवे नवे लागलेले होते, पर्मनंटची ऑर्डर यायची होती, एक खाडा झाला असता तरी कंपनीनं काढलं असतं. आणि आजीनंच शेवटच्या दिवसांत बजावलं होतं, की मी गेले तरी त्याला बोलवू नका, ऑर्डर हातात पडू दे. असं काहीतरी. चाळीसेक वर्षं पप्पा ज्या उत्तरासाठी थांबले होते ते उत्तर माझ्या शेजारून जात होतं आणि मी एक आज्ञा चुकली म्हणून परत टाइप करत होते.

मग मोठे बाबा थांबले आणि त्यांनी विचारलं. हे वाक्य मला तंतोतंत आठवतं, कारण त्याआधी ते थांबले होते.

"राग हाय का रं आनखी मनात?"

पप्पा हसले, मान हलवली आणि म्हणाले, "हो, हो! आहे की!"

माझी बोटं थांबली. मला सगळं कळलं. मला फक्त वळून पप्पांना मोठ्यानं सांगायचं होतं, की ते काय विचारतायत बघा. त्याला ना ब्लूटूथ लागत होतं, ना लिनक्स. पण तसं केलं असतं तर पलीकडे कळलं असतं, की पप्पांना काही ऐकू आलेलं नाही, आणि कालची माझी बढाई उघडी पडली असती. मी मनात म्हणाले, दोन मिनिटांत जोडते, मग पप्पा स्वतःच ऐकतील, मोठे बाबा परत सांगतील. दोन मिनिटांत मोठ्या बाबांनी मान भिंतीकडे वळवली आणि चुलतभाऊ म्हणाला, "दमले बाबा. ठेवतो." पप्पा म्हणाले, "तब्येत जप रे दादा." आणि कॉल बंद झाला.

"काय म्हणत होता एवढं?" पप्पांनी मला विचारलं.

"पुढच्या रविवारी परत बोलू म्हणाले," मी सांगितलं.

मंगळवारी मी कंपनीत होते. स्टोअरमध्ये नवीन बिनतारी स्कॅनर आला होता, खोक्यांवरच्या पट्ट्या वाचायचा. स्टोअरचे एक दादा आहेत, निघोजेचेच, गावाच्या जमिनींवर कंपन्या आल्या आणि ते त्यातल्याच एका कंपनीत स्टोअरला लागले. ते दारात येऊन उभे राहिले. आत यायच्या आधीच म्हणाले, "म्याडम, आमी कायबी केलं न्हाई हां. पर ह्यो स्कॅनर कॉम्प्युटरला दिसतच न्हाई."

मी म्हणाले, "दिसणार नाही दादा, ब्लूटूथ मीच बंद करून ठेवलंय सगळीकडे." मुलं मोबाइलवरून कॉम्प्युटरवर गाणी पाठवायची, रात्रपाळीला मोठ्यानं लावायची, म्हणून दोन वर्षांपूर्वी मी एक ओळ लिहिली होती. कॉम्प्युटर सुरू झाला, की ब्लूटूथला बंदी. नवीन काही बाहेरून खोचलं तर त्यालाही बंदी. मी ती फाइल उघडली. ओळीच्या वर माझीच टीप होती, 'गाणी बंद. कुणी बोंबललं तर माझ्याकडे पाठवा.' आणि हीच फाइल, आळस म्हणून, जशीच्या तशी मी माझ्या जुन्या लॅपटॉपवरही घातली होती. जो नंतर पप्पांना दिला.

वरची ओळ. पहिलं कुलूप. ते माझं होतं.

दादा अजून दारातच उभे होते. "आमी हात बी लावला न्हाई म्याडम, खोक्यातनं काढला तसाच हाय," ते म्हणाले. माझा चेहरा बघून त्यांना वाटलं, मी आता त्यांच्यावर घसरणार. मी त्यांना खुर्ची दिली आणि त्यांचा स्कॅनर जोडून दिला. ते आभार मानत गेले, आणि आभार तर मला सोसवेनातच.

संध्याकाळी कंपनीच्या बसमधून मी सांगवीला न जाता चिंचवडला उतरले. लॅपटॉप उघडला तर उजव्या बाजूच्या त्या सरकत्या बटणावर पांढरी चिकटपट्टी लावलेली आणि तिच्यावर बॉलपेननं, पप्पांच्या सुबक अक्षरात, 'हात लावू नये'. ती त्यांनी स्वतःसाठी लावली होती. घरात दुसरं कोण होतं?

मी ती ओळ पुसली. एका मिनिटात ताईत जोडला गेला. बातम्या लावल्या तशी पप्पांनी दोन्ही हात कानांवर नेले. "अगं, ही बाई तर आतच बोलतेय!" ते लहान मुलासारखे हसले. मग म्हणाले, "सापडलं का काय झालं होतं ते?"

"अपडेट आलं," मी म्हणाले. "वरूनच दुरुस्त झालं."

"बरं झालं. मला वाटलं, मीच मोडलं."

सांगायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. मी चहा टाकायला उठले. स्वतःला म्हणाले, रविवारी मोठे बाबा स्वतः सांगतील, सगळं मार्गी लागेल, मग कशाला उगाच? चोराच्या उलट्या बोंबा मारून झाल्या होत्या, आता नुसता चोर उरला होता.

शुक्रवारी चुलतभावाचा फोन आला. मोठ्या बाबांना पहाटे दुसरा झटका आला होता. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, जीव वाचला, पण वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. त्यांना आता समजतंय की नाही, हेही नक्की सांगता येत नव्हतं. मग तो म्हणाला, "ताई, एक विचारू का? काका तसं का बोलले? रविवारपासनं बाबा एकच म्हणत होते. धाकट्यानं तोंडावर सांगितलं, राग हाय म्हणून. बरं झालं म्हणले, खोटं न्हाई बोलला. अन् मग जेवलेच न्हाईत नीट."

मी त्याला सांगितलं, की पप्पांना एक अक्षर ऐकू आलेलं नव्हतं. शनिवारी मी काय सांगितलं होतं ते त्यालाही आठवत असणार.

त्याच संध्याकाळी मी पप्पांसमोर बसले, तोंड दिसेल असं, आणि सगळं सांगितलं. बटण मोडलेलं नव्हतं. बंदी मी घातली होती. ब्लूटूथ जोडलेलं नव्हतं तरी मी कॉल घेतला. मोठ्या बाबांनी काय विचारलं आणि तुम्ही काय म्हणालात. आणि आता काय झालंय. मला वाटलं होतं ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी एवढंच विचारलं, "का नाही कळवलं, ते सांगितलं त्यानं?"

मी सांगितलं. ऑर्डर, खाडा, आजीनं बजावलेलं.

"असं नाही," पप्पा म्हणाले. "तो कसा म्हणाला ते सांग. आई काय म्हणाली म्हणाला? तिचे शब्द काय होते?"

मी आठवायला लागले. 'ऑर्डर हातात पडू दे' असं होतं, की 'पडल्याबिगर सांगू नका'? माझ्या डोक्यात त्या जागी मी टाइप केलेल्या आज्ञा होत्या. त्या मला आजही पाठ आहेत, अक्षर न् अक्षर. आजीचे शेवटचे शब्द मोठ्या बाबांनी इतकी वर्षं जपून ठेवले होते, ते त्यांनी एकदाच काढून दिले आणि घ्यायला समोर मी होते.

"नीट आठवत नाही, पप्पा," मी म्हणाले. "माझं लक्ष नव्हतं."

ते मान हलवत राहिले. ही त्यांची नेहमीची, न ऐकू आल्याची मान नव्हती. त्यांना ऐकू आलं होतं.

रविवारी त्यांनी कॉल लावायला सांगितलं. मी म्हणाले, ते बोलू शकत नाहीत. ते म्हणाले, लाव. चुलतभावानं फोन मोठ्या बाबांच्या तोंडासमोर धरला. डोळे उघडे होते, एकीकडे लागलेले. पप्पा ताईत सरळ करून पुढे सरकले आणि मी कधी न ऐकलेल्या, पार लहानपणीच्या बोलीत म्हणाले, "दादा, राग न्हाई रे. मला ऐकू न्हाई आलं. राग कवाच न्हवता, नुस्तं इचारायचं राहिलं व्हतं."

पलीकडे काही हललं नाही. पप्पांनी तेच परत सांगितलं. मग तिसऱ्यांदा. मग माझ्याकडे वळून विचारलं, "जोडलंय ना गं नीट?"

"जोडलंय, पप्पा."

"पंखा ऐकू येतोय त्यांच्या खोलीतला. दादाचा श्वास पण येतोय." ते परत स्क्रीनकडे वळले. "आवाज वाढव बरं जरा."

आवाज पूर्ण होता. मी वाढवल्यासारखं केलं.